भुऱ्याला आम्हीच मारलं का?

ताई, नमस्कार.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, उसाच्या रानात आहे. सातारा जिल्हा एवढंच छापा, गावाचं नाव नको. घरात मी, हे, मामंजी, सासूबाई आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. आणि भुऱ्या होता. मुलगा चार वर्षांचा असताना पावसात भिजलेलं पिल्लू गोठ्यात येऊन बसलं, ते परत गेलंच नाही.

भाद्रपदातली गोष्ट. दिवस मावळायला अजून वेळ होता. मुलगा हौदावर हातपाय धूत होता. उसातून एक कोल्हा निघाला आणि थेट त्याच्याकडे चालत आला. मी ओट्यावरून ओरडले, पण पाय जागचे हलेनात. भुऱ्या कुठून आला ते मला दिसलंसुद्धा नाही. दोघं एकमेकांत गुंतले. यांनी आणि मामंजींनी काठ्यांनी कोल्हा मारला. भुऱ्याचा ओठ फाटला होता, कान लोंबत होता. मुलाच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, कोल्हा पिसाळलेलाच असणार. भुऱ्याला लस कधी दिली नव्हती. एकतर त्याला आत्ताच झोपवा, नाहीतर लस देऊन सहा महिने एकटा बांधा, कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. यांनी दुसरं कबूल केलं. जुन्या गोठ्यात साखळीनं बांधला. चोविसाव्या दिवशी त्याचा आवाज बदलला. खालचा जबडा लोंबला, पाणी गिळता येईना. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं. मुलगा शाळेत होता. त्याला आम्ही सांगितलं, भुऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलंय. आठ दिवसांनी शाळेत एक पोरगा त्याला म्हणाला, तुझ्या बापानं सुई देऊन मारला.

तेव्हापासून तो यांच्याशी बोलत नाही. मला फक्त म्हणाला, "त्यानं मला वाचवलं आणि तुम्ही त्याला मारलं." सासूबाई म्हणतात, घाई केली, अंगारा लावला असता तर उतरलं असतं. हे तर कुणाशीच बोलत नाहीत, रात्री उठून अंगणात बसतात. मुलाला बांधावर भुऱ्यासाठी दगड लावायचाय. मामंजी म्हणतात, कुत्र्याची कुठं समाधी असते का! भुऱ्याच्या गळ्यातलं घुंगरू तो उशाखाली घेऊन झोपतो, त्याचीही मला भीती वाटते. सासूबाईंनी माहेरून नवं पिल्लू आणलंय, तो त्याच्याकडे बघतही नाही. आमच्या सगळ्यांची इंजेक्शनं पूर्ण झाली, मामंजी तेवढे दोन घेऊन थांबले. सोयाबीनची मळणी चालू आहे ना. भुऱ्याला भाकरी मात्र तेच घालायचे.

आम्ही चुकलो का? आणि पोराला काय सांगू?

एक आई

*

ताई,

पत्र आलं त्या रात्री मी तुम्हाला सविस्तर उत्तर लिहिलं नाही. एवढाच निरोप पाठवला की मामंजींना उद्या सकाळी पहिल्यांदा आरोग्य केंद्रात न्या, आधीच्या इंजेक्शनाचा कागद बरोबर घ्या, सोयाबीन एक दिवस खळ्यावर पडून राहिलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, तिसरी सुई झाली म्हणालात. म्हणून आता शांतपणे लिहिते. तरी सुरुवात तिथूनच करते, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी घरांत एखादे मामंजी दोन सुया घेऊन थांबलेले असतील.

रेबीज चावल्यानंच होतो असं पुष्कळांना वाटतं. पण पिसाळलेल्या जनावराची लाळ फाटलेल्या कातडीला, डोळ्याला किंवा तोंडात लागली तरी तो धोका चाव्याइतकाच मोठा धरतात. आणि शेतात राबणाऱ्या माणसाच्या हाताला भेगा नाहीत असं कधी झालंय का? मामंजी भाकरी कुस्करून पुढं करायचे, भुऱ्या हात चाटायचा. लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच कुत्र्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, अगदी घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही लावायचं नाही. मग लगेच लस. दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. सरकारी दवाखान्यांत बऱ्याच ठिकाणी ती कातडीत देतात, तिथं 0, 3, 7 आणि 28. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य. चावा कातडी फोडून गेला असेल किंवा फाटलेल्या कातडीला लाळ लागली असेल, तर सिरमही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं तयार औषध, लागतं, आणि ते पहिल्या सुईपासून सात दिवसांच्या आतच देतात. मध्ये खंड पडला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. राहिलं तिथून पुढं चालू करतात. सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत.

मामंजी मळणीमुळे थांबले असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, त्यांच्या मनात दुसरंच काही असेल. त्यांच्या पिढीनं पोटातली चौदा इंजेक्शनं पाहिली आहेत. माझ्या चुलत्यांना ती घ्यावी लागली होती. रोज एक, बेंबीभोवती. सातव्या-आठव्या दिवशी पोटावर लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या, आणि ते धोतर सैल करून, भिंतीला टेकून, तोंड दुसरीकडे करून बसायचे. आम्ही पोरं दारातून बघायचो आणि कुत्रं दिसलं की पळायचो. डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरनं 1911 मध्ये कसौलीला केलेली ती लस. मेंढीच्या मेंदूपासून बनायची, म्हणून इतकी द्यावी लागायची आणि इतका त्रास व्हायचा. तिचं उत्पादन आपल्या देशात 2004 च्या अखेरीस थांबलं. आताची सुई दंडात असते, मुंगी चावल्यासारखी. हे मामंजींना कुणीतरी नीट बसून सांगायला हवं, शक्य तर नातवानं. त्यानं स्वतः घेतलीये ना सगळी? मग त्याच्या शब्दाला वजन आहे.

आता तुमचा प्रश्न.

भुऱ्याला तुम्ही मारलं नाही. तो चोविसाव्या दिवशी जो आजारी दिसला, तो आजार त्याच्या अंगात हौदापाशीच शिरला होता. रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही, तो जखमेजवळच्या नसांमधून हळूहळू मेंदूकडे चढतो. पायाला चावा असेल तर वाट लांब, ओठाला असेल तर जवळ. भुऱ्याचा ओठ फाटला होता. म्हणून त्याला चोवीसच दिवस मिळाले. एकदा तो मेंदूपर्यंत पोचला आणि लक्षणं दिसली की जगात कुठंच त्यावर औषध नाही, मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातसुद्धा नाही. आवाज घोगरा होणं, जबडा लोंबणं, पाणी गिळता न येणं, हे तुम्ही लिहिलंत ते रेबीजचं मुकं रूप. सगळीच कुत्री पिसाळल्यावर चावत सुटत नाहीत. काही अशी गप्प होत जातात, घशात काहीतरी अडकलंय असं वाटावं तशी. आणि माया करणारी माणसं नेमकी तेव्हाच हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालतात. तुमच्या डॉक्टरांनी तसं होऊ दिलं नाही. आणखी थांबला असतात तर भुऱ्या काही दिवसांत, फार तर आठ-दहा दिवसांत, तहानेनं आणि गुदमरून गेला असता. त्या सुईनं त्याच्या आयुष्यातले एवढेच दिवस कमी केले.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं कुठून आलंय ते मी समजू शकते. पिसाळलेल्या जनावराचा प्रत्येक चावा लागू पडतोच असं नाही. कधी लाळेत विषाणू नसतो, कधी कपड्यावरून चावा असतो, आणि पुष्कळदा चावलेलं कुत्रं पिसाळलेलंच नसतं. त्यातल्या कुणी अंगारा लावलेला असतो आणि तो वाचतो, मग गावभर अंगाऱ्याचं नाव होतं. जे गेले त्यांच्या घरचे बोलायला येत नाहीत. सासूबाईंना एवढंच म्हणा, "आई, तुमचाही जीव होता त्याच्यावर." त्यांनी पिल्लू माहेरून उचलून आणलंय ते काय उगाच?

एक चूक मात्र झाली आहे, आणि तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. भुऱ्याला लस द्यायला हवी होती. दरवर्षी एक सुई. ती दिलेली असती तर डॉक्टरांनी तुम्हाला सहा महिन्यांचं आणि झोपवण्याचं काही सांगितलं नसतं. पुन्हा एक सुई दिली असती, दीड महिना नजरेखाली ठेवायला सांगितलं असतं, आणि बहुतेक आज तो तुमच्या ओट्याखाली निजलेला असता. हे वाचून तुम्हाला लागेल. पण तुमच्या मनात हे आहेच, आणि सगळे मिळून न बोलण्याचं ओझं ह्या एका गोष्टीचं आहे असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. वस्तीवरच्या किती कुत्र्यांना लस दिलेली असते? गाईला खुरकुताची लस देताना आपण डॉक्टरांना चहा पाजतो, पण दावणीशेजारी बसलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून "यालाही द्या" म्हणायचं कुणाला सुचत नाही. तुमच्या एकट्याच्या घरची ही चूक नाही, पण तुमच्या घरीही ती झाली.

नऊ वर्षांच्या मुलाला लसीची गोष्ट खरी सांगायची असेल तर त्याला पॅरिसची एक गोष्ट सांगा. 1885 च्या 6 जुलैला लुई पाश्चरनं आपली लस पहिल्यांदा एका मुलाला दिली. जोसेफ माइस्टर त्याचं नाव. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला जागोजागी चावलं होतं आणि त्याची आई त्याला घेऊन अल्सासहून एवढ्या लांब आली होती. तोही नऊ वर्षांचाच. तो वाचला. त्याच्या आधीच्या माणसांकडे काय होतं? अमेरिकेत टेक्सासच्या माळरानावर, वस्तीच्या शेवटच्या घराच्या पुढं घर बांधून राहिलेली कुटुंबं होती. 1860 च्या सुमाराला बाप गुरांचे कळप हाकत महिनोन्महिने लांब जायचा, मागं आई आणि पोरं, आणि राखणीला एखादं कुत्रं. पिसाळलेला लांडगा अंगणात आला तर कुत्रंच मधे पडायचं. माणसाला चावलं तर तिथले लोक हरणाच्या पोटात सापडलेला खडा जखमेला चिकटवून बसायचे, त्यानं विष ओढलं जातं असं समजायचे. त्यांचा तो अंगारा. आणि चावलेल्या कुत्र्यासाठी घरात एक बंदूक असायची. बाप नसेल तर ती थोरल्या पोरानं उचलायची. तुमच्या यजमानांना डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या तेव्हा त्यांनी लांबची, त्रासाची, धोक्याची वाट धरली, कारण तिच्यात भुऱ्या जगण्याची थोडीशी आशा होती. चोवीस दिवस त्यांनी ती आशा साखळीला बांधून ठेवली. हे पोराला माहीत आहे का?

मला नाही वाटत. आणि इथं मी तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यापाशी येते जे तुम्ही भरभर लिहून पुढं गेलात. "त्याला आम्ही सांगितलं, भुऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलंय."

मी सात वर्षांची असताना आमचा काळू एके दिवशी घरी आला नाही. वडील म्हणाले, मामाच्या मळ्यावर पाठवलाय, तिकडे राखणीला कुत्रं हवं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेले की प्रत्येक बांधावर उभी राहून "काळू, ये काळू" हाका मारायची. मामी विहिरीवर धुणं धूत असायची. माझी हाक ऐकली की ती खाली मान घालून जोरजोरात कपडे आपटायला लागायची. बारा वर्षांची झाले तेव्हा कळलं की काळू त्याच दिवशी रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. काळू मेल्याचं दुःख मला आज आठवत नाही, खरंच आठवत नाही. मामीची ती खाली घातलेली मान मात्र आठवते. सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटी हाका मारत होते.

तुमचा मुलगा आठ दिवस भुऱ्याची वाट बघत होता. दवाखान्यातून कधी येणार, असं त्यानं विचारलं असेल, आणि तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असेल. मग शाळेत, चार पोरांसमोर, त्याला कळलं. त्याच्या रागातला अर्धा भाग सुईचा नाही, त्या आठ दिवसांचा आहे. तो भाग अजून फेडता येतो.

हे काम तुम्ही करू नका, त्याच्या वडिलांना करू द्या. ते रात्री अंगणात बसतात म्हणजे त्यांनाही बोलायचंय, फक्त कुणाशी ते कळत नाही. रविवारी सकाळी, उजेडात, त्यांनी पोराला जिथं भुऱ्याला पुरलंय तिथं घेऊन जावं. ओट्यावर सगळ्यांसमोर नको. आणि फार शब्द नकोत. साधारण असं: "भुऱ्याला हितं ठेवलंय. त्याला दवाखान्यात नेलंच नव्हतं, मी तुझ्याशी खोटं बोललो. तू रडशील म्हणून भ्यालो. कोल्ह्याचं इख त्याच्या डोक्यात गेलं होतं, त्याला पाणी पिता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला झोपवला तवा मी त्याच्याजवळ बसलो होतो. लस आधी द्यायला पायजे होती, ती मी दिली नाही, ती माझी चूक." ते खरोखर जवळ बसले नसतील तर ते वाक्य काढून टाका. एकही शब्द खोटा नको, आता तर मुळीच नको. मुलगा उत्तर देईलच असं नाही. पाठ फिरवून निघून जाईल, दगड मारील उसात. जाऊ द्या. त्यानं ऐकलेलं असतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात असण्याची दाट शक्यता आहे. "त्यानं मला वाचवलं" हे तो म्हणतो त्यात, "मी हौदावर नसतो तर" हेही असतं. पोरं असा हिशेब गुपचूप करतात आणि कुणाला दाखवत नाहीत. त्याला सांगा की निरोगी कोल्हा दिवसाउजेडी माणसाच्या अंगणात सहसा येत नाही, माणसाचा वास आला की तो उसात शिरतो. ह्या कोल्ह्याची भीड त्या आजारानं मारली होती. त्या संध्याकाळी हौदावर मुलगा नसता तर सासूबाई असत्या, गाय असती, तुम्ही असता. भुऱ्या मधे पडलाच असता. आणि स्वतःच्या अंगात ते इख राहिलंय का, ही भीती त्याला रात्री वाटत असेल, तर त्याचा इंजेक्शनाचा कागद त्याला दाखवा. सगळ्या तारखा त्याच्या बोटानं मोजू द्या. महिनाभरात जेवणझोप ताळ्यावर आली नाही, शाळेत जाईना झाला, तर त्याच्या बाईंशी बोला आणि सिव्हिलमध्ये मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घुंगरू राहू द्या त्याच्याकडे. हा विषाणू साबणानं मरतो, उन्हानं मरतो, वाळल्यावर टिकत नाही. साबणाच्या पाण्यात चांगलं घासून दोन दिवस पत्र्यावर कडक उन्हात ठेवा आणि परत द्या. भुऱ्याच्या खालचं गोणपाट आणि भाकरीची थाळी अजून जुन्या गोठ्यात असेल तर गोणपाट जाळा, थाळी हातमोजे घालून धुवा. पुरलेली जागा कुणी उकरू नये एवढं बघा.

मामंजी विचारतात, कुत्र्याची कुठं समाधी असते का. असते, आणि तुमच्याच जिल्ह्यात आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा मिळतात त्या संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्यानं महाराजांना वाचवलं, अशी कथा सातारकर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ज्या घाटावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या, तिथंच ह्या कुत्र्याची. मामंजींनाच नातवाबरोबर पाठवा ती बघायला.

आणि त्याहून जुनी गोष्ट हवी असेल तर कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा वीरगळ आहे. आपल्याकडे गावाबाहेर, मारुतीच्या देवळापाशी वीरगळ असतात ना, लढाईत पडलेल्या माणसांचे, तसाच. हा मात्र एका कुत्र्याचा आहे. मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात 949 च्या सुमारास तक्कोलमला मोठी लढाई झाली. चोळ राजपुत्र राजादित्य तीत पडला. राष्ट्रकूटांच्या बाजूनं लढलेला गंग घराण्याचा राजा बूतुग त्याच्या मणलेर नावाच्या सरदारावर खूश झाला. काय हवं ते माग, असं बूतुग त्याला म्हणाला. मणलेरनं गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. राजाचं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागितलं. पुढं ते एका मोठ्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही तिथंच मेली. मणलेरनं देवळासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्रं आणि डुक्कर झुंजताना कोरलं, जमीन लावून दिली आणि त्या दगडाची पूजा झाल्याशिवाय पुजाऱ्यानं जेवू नये असं कोरून ठेवलं. तो दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वी लढाईवरून आलेल्या सरदाराला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला कशाला?

दगड लावू द्या त्याला. कुठला, ते त्यालाच शोधू द्या. ओढ्यातून ओढून आणील, वडिलांना हात लावावा लागेल एवढा मोठा आणला तर फारच चांगलं. शेंदूर लावायचा की नाही, नाव कोयत्यानं खरवडायचं की चुन्यानं लिहायचं, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवू नये.

पिल्लाचं काय करायचं? काही करू नका. "भुऱ्याच परत आलाय" असं चुकूनही म्हणू नका आणि त्याला भुऱ्याचं नाव देऊ नका. ते कुणाचीच जागा घ्यायला आलेलं नाही, त्याला भूक लागली म्हणून ते ओरडतंय. रात्री थंडी पडायला लागली की ते कुणाच्या तरी पायाशी येऊन निजेल, आणि कुणाच्या ते आपण ठरवत नसतो. तोवर सासूबाई दूध घालतायत, तेवढं पुरे. तीन महिन्यांचं झालं की लस. पुढची कधी ते डॉक्टर सांगतील, नंतर दरवर्षी. त्या दिवशी मुलाला फक्त विचारा, पिल्लाला धरायला येतोस का. नाही म्हणाला तर वडिलांनी धरावं. लसीचं कार्ड मिळतं, ते भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला लावा, येता-जाता सगळ्यांना दिसेल असं.

एक काम वस्तीसाठीही करा. तो कोल्हा तुमच्या अंगणात यायच्या आधी आणखी कुठंतरी फिरला असणार. आजूबाजूच्या वस्त्यांवर कुणाचं कुत्रं जखमी होऊन आलं होतं का, कुणाची शेळी चावली गेली का, हे तुमच्या यजमानांनी घरोघर विचारावं आणि गुरांच्या डॉक्टरांना सांगून एकाच दिवशी सगळ्या कुत्र्यांना लस द्यायला बोलवावं. 28 सप्टेंबरला, पाश्चर गेला त्या तारखेला, जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण होतं. यंदाची ती तारीख गेली. तरी पंचायतीत अर्ज द्या, डॉक्टर येतात. मुलाला बरोबर न्या. कुणाच्या दारात किती कुत्री, हे पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. शाळेत ज्या पोरानं त्याला ते सांगितलं, त्याच्या घरीही जायचं. तिथंही कुत्रं असेलच.

मामंजींची शेवटची सुई कोणत्या तारखेला आहे, ते मला कळवा. मी लिहून ठेवते आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करते. फोन त्यांच्याच हातात द्या.